उपास चुकलेलं यीस्ट

पाव फुगला नाही की गिऱ्हाईक बेकरीवाल्याला शिव्या घालतं. बेकरीवाला मैद्याला घालतो, मैदेवाला गिरणीला. यीस्टपर्यंत फार थोडे जण पोचतात, आणि यीस्टच्या पाकिटामागे बसलेल्या बाईपर्यंत तर कुणीच नाही. ती बाई मी. एकतीस वर्षं मी मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या एका छोट्या कारखान्यात यीस्ट तपासलं आणि पास-नापासच्या सह्या केल्या. माहेरच्या लोकांना मी 'कुठल्याशा केमिकल कंपनीत' आहे एवढंच ठाऊक होतं. सिल्व्हर पार्कमधली आमची शेजारीण लिफ्टमध्ये नाक वर करून म्हणायची, "भाभी, आप के पास से हमेशा गुड की बास आती है." तो गूळ नव्हता. साखर कारखान्यातून येणारी मळी होती, काळी, दाट आणि चिकट. तिच्यावर आमचं यीस्ट पोसायचं. तो वास माझ्या केसांतून रविवारीसुद्धा जायचा नाही.

यीस्ट म्हणजे पावडर नव्हे, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. पाकिटातला तो तपकिरी रवा म्हणजे झोपवलेले जीव असतात. एका चमच्यात सगळ्या जगातल्या माणसांपेक्षा जास्त. कोमट पाणी आणि चिमूटभर साखर मिळाली की ते जागे होतात, साखर खातात, वायू सोडतात आणि त्या वायूने पीठ फुगतं. भाईंदरच्या एका जैन बाईंनी एकदा फोन करून अगदी गंभीरपणे विचारलं होतं, की भट्टीत हे जीव मरतात का. खोटं कशाला बोलू? मी हो म्हटलं. त्यांनी माझे मनापासून आभार मानले आणि नातवाच्या वाढदिवसाचा केक रद्द केला. कारखान्याच्या मालकाला, आमच्या शेठला, हे कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, इतना सच बोलने की क्या जरूरत थी?" म्हणाला.

खरं बोलण्याबद्दल मी आयुष्यात एवढी एकदाच बोलणी खाल्ली. जिथे बोलायला हवं होतं तिथे गप्प बसले, आणि तिथे मात्र मला कुणीच बोललं नाही. आज लिहितेय ते त्याबद्दल.

आमचा कारखाना म्हणजे तीन मोठ्या टाक्या, एक ब्लोअर, यीस्ट गाळायची यंत्रं आणि शेवटी ड्रायर. टाकीत मळीचं पाणी, त्यात यीस्टचं बी, आणि खालून ब्लोअरने सतत हवा. यीस्ट वाढलं की ते गाळून, दाबून त्याच्या शेवया पाडायच्या आणि ड्रायरमध्ये गरम हवेच्या झोतावर नाचवत वाळवायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण जिवंत वस्तू वाळवायची आणि तरी ती मरू द्यायची नाही, ही सगळी कसरत त्या ड्रायरवरच्या माणसाची. आमच्याकडे तो माणूस म्हणजे पास्कलमामा.

पास्कलमामा पालीचे. उत्तनच्या अलीकडचं पाली, समुद्रकाठचं मच्छीमारांचं गाव. वडिलांची होडी होती, ती भावाकडे गेली आणि हे कारखान्यात आले. मी लागले तेव्हा मला एम.एस्सी. होऊन नुकती कुठे तीन वर्षं झालेली, आणि मामा माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. तरी मला मॅडम म्हणायचे. ड्रायरला काटे होते, चार्ट होता, पण मामा झाकण उघडून मूठभर यीस्ट तळहातावर घ्यायचे, अंगठ्याने चोळायचे आणि सांगायचे, "आजून ओला हाय, पाच मिनटं." मी तो नमुना लॅबमध्ये नेऊन ओलावा मोजायचे. बहुतेक वेळा पाचच मिनिटं कमी असायची. त्यांच्या घरी तीन पिढ्या बोंबील सुकवत आलेल्या, त्यामुळे वाळवण्यात कोणी त्यांना शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. मला मात्र शिकवायची खोड.

एकदा पत्र्याने त्यांचं बोट कापलं. मी प्रथमोपचाराच्या पेटीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यावर ओतलं. जखमेवर पांढरा फेस आला. मामा बोट विसरून फेसाकडे बघत राहिले. "ह्यो फेस कसला मॅडम?" मी सांगितलं, रक्तात कॅटालेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते या औषधाचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं, त्या प्राणवायूचे हे बुडबुडे. "आणि तुमच्या यीस्टमध्येही ते असतं," म्हणत मी परीक्षानळीत थोडं यीस्ट कालवून त्यावर चार थेंब टाकले. फेस नळीच्या तोंडापर्यंत चढला. मामा लहान मुलासारखे हसले.

आता थोडं शास्त्र सांगते. कंटाळा येणार असेल तर तेवढ्यात चहाचं आधण ठेवून या.

यीस्टला भरभर वाढायला प्राणवायू लागतो, आणि तोच प्राणवायू त्याच्या जिवावरही उठतो. पेशीच्या आत त्याचा थोडासा भाग बिघडतो, आणि मग तो पेशीचं आवरण, प्रथिनं, जे सापडेल ते खात सुटतो. लोखंड गंजतं, चिरलेलं सफरचंद काळं पडतं, त्यातलाच हा प्रकार. शास्त्रात त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. पेशी यावर आपली माणसं कामाला लावते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम त्या बिघडलेल्या प्राणवायूला धरून त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पण तेही विषच. मग कॅटालेज त्याचं निरुपद्रवी पाणी करतं. आणखीही काही एन्झाइम्स या कामावर असतात. ड्रायरमधली गरम हवा आणि पुढे पाकिटात काढलेले महिने, या दोन्हींत हा मारा सर्वांत जास्त. ज्या पेशींनी आधीच तयारी केलेली असते त्या तरतात, बाकीच्या जातात.

आणि खोच इथे आहे. साखर मुबलक मिळते तोवर यीस्ट ही तयारी करतच नाही. खातं आणि वाढतं, बस. बॅचच्या शेवटी मळी पूर्ण बंद करायची आणि दीड तास नुसती हवा चालू ठेवायची. मग त्याला कळतं, दिवस फिरले. मग ते वाढायचं थांबतं, एन्झाइम्स बनवतं आणि पुढच्या संकटाची तजवीज करतं. आमच्या कागदावर याचं नाव 'मॅच्युरेशन' होतं. मामा त्याला उपास म्हणत. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपासाचे, तेव्हा हा शब्द त्यांच्या तोंडात बसलेला. हळूहळू सगळा कारखानाच विचारू लागला, "दो नंबर टाकी का उपास हुआ क्या?" बिहारचा ऑपरेटरसुद्धा उपासच म्हणायचा.

तो फेस पाहिल्यापासून मामांनी एक नाद लावून घेतला. प्रत्येक बॅच ड्रायरवर आली की एका जुन्या नळीत यीस्ट कालवायचं, मोजून चार थेंब टाकायचे, आणि फेस किती बोटं चढला ते ड्रायरमागच्या कॅलेंडरवर रेघांनी लिहायचं. चार बोटं म्हणजे चार रेघा. मी त्याला मामांची भातुकली म्हणायचे. पेरॉक्साइडची बाटली दर महिन्याला माझ्याकडून मागून न्यायचे, आणि मी देताना हसायचे.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आमच्या भागात बेकऱ्या भराभर निघत होत्या. नव्या बिल्डिंगा, नवी माणसं, सगळ्यांना सकाळी पाव हवा. शेठ, म्हणजे हसमुखभाई, माणूस वाईट नव्हता, पण त्याला रिकामी टाकी बघवत नसे. एक दिवस लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मॅडम, ये डेढ घंटा टाकी में कुछ डालते नहीं, कुछ निकालते नहीं. तो टाकी करती क्या है?"

मी त्याला उपास समजावून सांगायला हवा होता. पण मीही त्या दिवसांत जरा हवेत होते. नवा इनक्युबेटर आला होता, दारावर माझ्या नावाची पाटी लागली होती. मी म्हटलं, बघते करून. उपास न घडवलेलं ताजं यीस्ट घेऊन मी पीठ मळलं. ते उत्तम फुगलं, नेहमीपेक्षा जरा लवकरच. आणि ते फुगणारच होतं, कारण ते खाऊन-पिऊन मस्तीत होतं. वाळवल्यावर पहिल्या आठवड्यात मेलेल्या पेशी थोड्या जास्त दिसल्या, पण त्या मर्यादेत होत्या. दोन-तीन महिने पाकीट ठेवून मग काय होतं ते बघायला हवं होतं. ते मला माहीत होतं. पण शेठला दिवाळीआधी रोजची तिसरी बॅच सुरू करायची होती, आणि मला शेठकडून "मॅडम ने कर दिखाया" ऐकायचं होतं. मी दीड तासाची वीस मिनिटं केली आणि कागदावर सही केली.

आठवडाभरात मामा लॅबच्या दाराशी आले. ते कधी आत येत नसत, चप्पल बाहेर काढून उंबऱ्यावर उभे राहत.

"मॅडम, फेस बसला."

"कसला फेस?"

"चार बोटं यायचा, आता दीडावर हाय. मालाला दम न्हाय. उपास पुरा करा."

मी मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाही. "मामा, ती टेस्ट रेकॉर्डमध्ये नाहीये. पीठ चांगलं फुगतंय. तुम्ही ड्रायर सांभाळा." ते चपला घालून गेले. माझीच परीक्षा, मीच शिकवलेली, आणि मीच तिला खेळ ठरवून मोकळी झाले. आज ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू येतं.

साधारण दोन महिन्यांनी इस्माईलभाई आले. भाईंदर पश्चिमेला त्यांची बेकरी होती. आले ते स्कूटरवर पुढे पायांत परात धरून. त्या परातीत मैद्याचा गोळा, ओल्या फडक्याने झाकलेला. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, माझ्या रजिस्टरवरच. "मॅडम, सुबह चार बजे से ये ऐसे ही बैठा है. मैंने इस को डांटा, समझाया, गरम जगह पे रखा. उठता ही नहीं. अब आप बोल के देखो." मला हसू आलं. ते हसू त्या दिवसापुरतंच टिकलं. संध्याकाळपर्यंत आणखी दोन फोन आले, आठवड्यात परत आलेल्या खोक्यांनी गोडाउनचा कोपरा भरला.

मेलेलं यीस्ट ओळखायची सोपी रीत आहे. निळा रंग घालायचा. जिवंत पेशी तो रंग फिका करून टाकते, मेलेली निळीच राहते. मी परत आलेल्या पाकिटांतलं यीस्ट मायक्रोस्कोपखाली धरलं. सगळं निळं. अधूनमधून एखादी पांढरी पेशी, जत्रेत चुकल्यासारखी. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला तिथल्या तिथे कळलं. उपास. पुराव्यासाठी प्रयोग नंतर केला, पण कळलं ते त्या क्षणी.

शेठने मात्र वेगळाच धागा पकडला. ड्रायरच्या चार्टवर एका दिवशी तापमानाची रेघ सुळक्यासारखी वर गेली होती. त्या दिवशी लाइट गेली होती, आली तेव्हा हीटर आधी सुरू झाला आणि पंखा मागाहून, त्यात काही मिनिटं हवा तापली. मामांनी ते स्वतःहून रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. शेठने तो चार्ट टेबलावर पसरला आणि आम्हा दोघांना बोलावलं. मी बसलेली, मामा उभे.

"मॅडम, माल ड्रायर में जला ना?"

माझ्या हातातल्या फाईलमध्ये परत आलेल्या मालाचे बॅच नंबर होते. नऊ बॅचेस. त्यांतली त्या दिवशीची फक्त एक. बाकी आठ वाळल्या तेव्हा चार्टची रेघ सरळ होती. फाईल उघडून एवढं दाखवलं असतं तरी विषय तिथेच संपला असता. आणि मग पुढचा प्रश्न आला असता, की तर मग काय बदललं? उत्तराखाली माझी सही होती.

त्या वेळी घरी काय चाललं होतं तेही सांगते, पण सबब म्हणून नव्हे. ह्यांची अंधेरीची कंपनी बंद पडली होती. मुलगी दहावीला. दादरचं भाड्याचं घर सोडून आम्ही मीरा रोडला आलो, ते माझ्या नोकरीच्या भरवशावर. हे सगळं त्या दोन-चार सेकंदांत डोळ्यांपुढून गेलं असं म्हणायला बरं वाटतं. खरं तर काहीच गेलं नाही. मी घाबरले, एवढंच.

मी म्हणाले, "चार्टवर तापमान वाढलेलं दिसतंय."

वाक्य अक्षरशः खरं होतं. शेठने मान हलवली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा माणूस पुढचं ऐकायला थांबतो तसं. मी फाईल मांडीवर उलटी ठेवली. शेठने त्यांना विचारलं, "तेरे को कुछ बोलना है?" मामा काही बोलले नाहीत. अठरा वर्षं तळहातावर यीस्ट चोळून पारखणाऱ्या माणसाला 'निष्काळजीपणाने माल जाळला' असं पत्र मिळालं आणि त्याच दिवशी त्यांचं काम सुटलं.

पुढच्या आठवड्यात मी प्रयोग केला. दोन चंबूंत यीस्ट वाढवलं. एकाला पूर्ण उपास, दुसऱ्याला नाही. दोन्हींत पेरॉक्साइडचा सारखाच डोस, आणि मग दोन्हींतलं थोडं थोडं खाद्य घातलेल्या बशीवर पसरून दोन दिवस ठेवलं. जगलेल्या प्रत्येक पेशीमागे बशीवर एक ठिपका उगवतो. उपास घडलेल्याच्या बशीवर ठिपकेच ठिपके, मोजता येईनात. दुसऱ्या बशीवर अकरा. त्या अकरा ठिपक्यांकडे मी बराच वेळ बघत होते. मग बशी धुवून टाकली.

टाकीचा उपास मी परत दीड तासाचा केला. शेठला सांगितलं, मळीचा वास मालात उतरतो, म्हणून हवा जास्त द्यायला हवी. त्याला ते पटलं. आणि यीस्ट सुधारलं. सुधारणारच होतं. तक्रारी थांबल्या, इस्माईलभाईंचा गोळा पुन्हा उठून बसायला लागला. शेठने सगळ्यांसमोर म्हटलं, "देखा? पास्कल गया, माल सुधर गया." माझी चूक मी गुपचूप दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीनेच मामांवरचा आळ पक्का झाला. याचा विचार मी केलाच नव्हता. सगळे माना डोलावत होते. मीही तिथेच उभी होते.

चार वर्षं अशीच गेली. माणसाला सवय होते, हे मी दुसऱ्यांबद्दल ऐकलं होतं. मग नवा ड्रायर आला आणि जुना भंगारवाल्याला गेला. तो हलवला तेव्हा भिंतीवर मामांची कॅलेंडरची पानं निघाली, तेलाने पिवळी झालेली. चार रेघा, चार रेघा, चार. मी सही केली त्या आठवड्यापासून दीड, एक, दीड. भंगारवाला पानं ओढायला लागला तेव्हा मी त्याच्यावर उगाचच खेकसले आणि ती काढून घेतली. त्या रविवारी मी भाईंदर स्टेशनबाहेरून उत्तनची बस पकडली.

पालीतल्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की समोरून मोटारसायकल आली तर कुणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहावं लागतं. दोनदा चढले. दोन्ही वेळा घरातल्या बायकांनी विचारलं, "कुनाकडं?" आणि पास्कल म्हटल्यावर बोट दाखवलं. मामा दारात बसून फाटकं जाळं सांधत होते. मला बघून गडबडीने उठले, खुर्ची फडक्याने पुसली. आत ओरडले, "रोजी, आमच्या मॅडम आल्या! म्यां सांगतो ना, फेसाचं ज्यांनी शिकवलं, त्या!" चार वर्षांनंतर त्यांनी माझी ही ओळख करून दिली. मला खुर्चीत नीट बसता येईना.

रोजीबाई, मामांची बायको, गोड बोलणारी, ठसठशीत बाई. चहा आणला, बिस्किटं आणली, सुका जवळा कागदात बांधून माझ्या पिशवीशेजारी ठेवला. मामा चहात साखर कमी म्हणून डबा आणायला चुलीकडे निघाले, तशी ती हसून ओरडली, "तुमी ऱ्हावा! तुमी चुलीपाशी गेलात का काय तरी जाळाल!" मामाही हसले आणि जागच्या जागी बसले. दोघांचंही ते हसणं रोजच्या सवयीचं होतं.

मग ती माझ्याकडे वळली. "बाय, तुमी तिथं व्हत्या ना? मना येक सांगा. ह्यांनी खरंच माल जाळला का? मी लय येळा इचारलं. ह्ये बोलतच न्हाय."

मी चार दिवस मनात वाक्यं जुळवून आले होते. मामांना बाजूला घेऊन सांगायचं, इंग्रजी शब्द न वापरता सांगायचं, असं बरंच काही. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. मी म्हटलं, "नाही. मामांनी काही जाळलं नाही. चूक माझी होती. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी बोलले नाही."

मला वाटलं, ती आता मला घराबाहेर काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्यावर चिडलीच नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहराच उतरला. "चार वर्सं," ती म्हणाली, "चार वर्सं मी ह्यांना रोज... मानसांसमोर... नातीच्या बारशाला पन..." पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. मामा तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "जाऊ दे गो. मस्करीच व्हती ना. मना काय लागली न्हाय." ती म्हणाली, "लागली. मना म्हाईत हाय लागली."

मी कॅलेंडरची पानं पुढे केली. मामांनी ती हातात घेतली, रेघांवरून अंगठा फिरवला आणि घडी करून खिशात ठेवली. मी शेठकडे जाईन, त्यांना सगळं सांगेन, तुमच्या नावाचं पत्र बदलून आणेन, असं बरंच बोलले. मामा म्हणाले, "आता कशाला. हिनं आयकलं, झालं." पत्राचं मी शेठकडे बोलले, पण खूप नंतर, माझी निवृत्ती ठरल्यावर. तेव्हा बोलण्यात माझं काही जाणार नव्हतं. शेठ म्हणाला, "पुरानी बात है मॅडम, छोडो." आणि मी सोडली.

त्या दिवशी मामा मला बसपर्यंत सोडायला आले. बसला वेळ होता. दोघंही कट्ट्यावर बसलो. मला राहवेना. मी विचारलं, "मामा, तुम्हाला तर फेसावरून कळलं होतं. शेठनी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

ते साध्या आवाजात म्हणाले, "म्यां ड्रायरवाला, माझं कोन आयकनार? तुमी बोलाल म्हून थांबलो व्हतो. मिटिंगीत न्हाय बोललात, मना वाटलं, शेठसमोर घाबरल्या आसतील. म्हून मग गेटापाशी बसलो, सुट्टी होयपर्यंत. म्हटलं, मॅडम भायेर येतील तवा तरी बोलतील."

बस आली. त्यांनी माझी पिशवी आत ठेवून दिली, कंडक्टरला सांगितलं, "ह्यांना बसायला जागा दे रे." मी खिडकीतून हात हलवला.

त्यांना वाटत असेल, की त्या दिवशी आमची चुकामूक झाली. लॅबच्या खिडकीतून मला ते गेटापाशी बसलेले दिसत होते. डबा मांडीवर, चपला शेजारी काढलेल्या. म्हणून मी त्या दिवशी मागच्या गेटने घरी गेले. पालीत एवढं सगळं बोलले, पण हे त्यांना सांगितलं नाही.